बाकारा शिकताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडे पत्त्यांची ओळख नसलेला माणूस सापडणं अवघड. गौरी-गणपतीच्या जागरणात रमी, मेंढीकोट, तीनपत्ती हातात बसलेली असते आणि बाकारा हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ शिकताना नेमकी तीच सवय आड येते. रमीत कुठलं पान टाकायचं, तीनपत्तीत कधी पॅक व्हायचं, हे आपण ठरवतो. बाकाऱ्यात आपल्याकडे एकच निर्णय असतो: पानं वाटण्याआधी पैज कुठे लावायची. पुढचं सगळं नियम ठरवतो.

सराव घरी आणि चिंचोक्यांवर करा. पैसे लावून खेळणं महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतं. राज्यात कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ‘आयडी देतो, घरबसल्या खेळा’ म्हणून मोबाईलवर येणाऱ्या लिंकांना तर हातच लावू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, आणि अशा ठिकाणी अडकलेल्या पैशांसाठी दाद मागायला जागा उरत नाही.

जोकर काढायला विसरणं

कॅसिनोत आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे ४१६ पानं. घरी चार पुरतात. चार कॅटची २०८ पानं भरली पाहिजेत. एखादं जास्त निघालं तर बहुधा जोकर राहिलेला असतो.

राजाला राजा समजणं

एक्का म्हणजे एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावरचा आकडा. दश्शी, गुलाम, राणी, राजा यांची किंमत शून्य. रंग, सिक्वेन्स, जोडी यांना मुख्य खेळात काहीच अर्थ नाही. दोन राजे आले तर हात शून्याचा. बेरीज दहा किंवा त्याच्या वर गेली की दहा सोडून द्यायचे: सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा, म्हणून पाच. ब्लॅकजॅकसारखं ‘जास्त झालं म्हणून बाद’ इथे होत नाही. नऊ सर्वांत मोठा हात.

‘प्लेअर’ म्हणजे आपण, असं धरून चालणं

प्लेअर आणि बँकर ही टेबलावरच्या दोन रकान्यांची नावं आहेत. प्लेअर म्हणजे तुम्ही नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. कोणावरही लावता येतं; ज्याची बेरीज मोठी तो जिंकतो. पानं प्लेअर, बँकर, प्लेअर, बँकर या क्रमाने दोन-दोन वाटतात. पहिल्या दोन पानांत कोणाचेही आठ किंवा नऊ झाले की हात तिथेच संपतो.

तिसऱ्या पानाचा घोळ

घरच्या टेबलावर सर्वांत जास्त वाद इथे होतात, म्हणून हा भाग कागदावर लिहून समोरच ठेवा.

प्लेअरचा नियम सोपा: शून्य ते पाच असतील तर तिसरं पान घ्यायचं, सहा-सातवर थांबायचं. प्लेअर थांबला असेल तर बँकरलाही हाच नियम. पण प्लेअरने तिसरं पान घेतलं असेल, तर बँकरने काय करायचं हे त्या तिसऱ्या पानावर ठरतं:

- बँकरचे ०, १, २: पान घ्यायचंच.
- ३: प्लेअरचं तिसरं पान अठ्ठी असेल तर थांबायचं, एरवी घ्यायचं.
- ४: ते पान २ ते ७ असेल तरच घ्यायचं.
- ५: ४ ते ७ असेल तर.
- ६: ६ किंवा ७ असेल तर.
- ७: थांबायचं.

लक्षात ठेवायची युक्ती अशी: बँकरच्या चार, पाच, सहासमोर अनुक्रमे दोन, चार, सहा, वरची हद्द कायम सात.

आता एक हात मांडून बघा. प्लेअरकडे राजा आणि चव्वी, म्हणजे चार. बँकरकडे सत्ती आणि अठ्ठी, म्हणजे पाच. प्लेअरला तिसरं पान तिर्री आलं, त्याचे सात झाले. बँकर पाचवर मागे पडलेला दिसतो आणि वाटणाऱ्याचा हात आपोआप पुढच्या पानाकडे जातो. इथेच चूक होते. बँकरने प्लेअरची बेरीज बघायची नाही, तिसरं पान बघायचं. ते तिर्री आहे, चार ते सातमध्ये बसत नाही. बँकर थांबतो आणि प्लेअर सात-पाचने जिंकतो.

कमिशन आणि टाय

बँकर जिंकला की ५ टक्के कमिशन कापतात, मार्केट यार्डात अडत कापावी तसं. शंभर लावले तर पंचाण्णव मिळतात. ते कापण्यामागे कारण आहे: टाय (दोघांची बेरीज सारखी) सोडून बाकी हातांत बँकर सुमारे ५०.७ टक्के वेळा जिंकतो, कारण तो प्लेअरचं पान बघून शेवटी खेळतो. चिंचोक्यांवर खेळताना वीसच्या पटीत लावा, म्हणजे प्रत्येक विसाला एक चिंचोका कापता येतो आणि हिशेब अडत नाही.

कमिशन नको म्हणून टायकडे वळणं ही महागातली चूक. टायला एकास आठ मिळतात, पण तो साधारण साडेदहा हातांतून एकदा येतो. शंभर रुपयांचे शंभर हात धरले तर सरासरी नुकसान बँकरवर १०६ रुपये, प्लेअरवर १२४ आणि टायवर तब्बल १,४३६. आणखी एक: टाय आली की प्लेअर-बँकरवरची पैज हरत नाही, परत मिळते. घरी वाटणारा ती हमखास उचलून नेतो.

पट्टी लिहून पुढचा हात ओळखणं

मटक्याचा चार्ट वाचावा तसे लोक मागच्या हातांची पट्टी वाचतात. बँकर पाचदा आला, म्हणजे आता प्लेअर ‘लागतोच’, असं काही नसतं. गेलेल्या पानांमुळे पडणारा फरक इतका बारीक असतो की पट्टी बघून तो हाती लागत नाही.

याच्याच जोडीला येतं हरल्यावर दुप्पट लावणं. शंभरपासून सुरू करून सलग सात हात हरलात की १२,७०० गेले. आठवी पैज १२,८०० ची, आणि ती जिंकली तरी हातात येणार मूळचे शंभरच. प्लेअरवर लावत राहिलात तर असे सलग सात हार, टाय वगळून, शंभरपासून केलेल्या सुमारे ११६ सुरुवातींत एकदा येतात. रात्रभर बसलात तर गाठ पडण्याची शक्यता बरीच.

चुकून पान उघडलं तर

प्लेअरकडे सहा-सात असताना कोणी तिसरं पान उघडलं, तर ते गड्डीत परत खुपसू नका. बँकरकडे पाच किंवा कमी असतील तर तेच पान बँकरला द्या; नियमाने वाटलं असतं तरी त्यालाच गेलं असतं. बँकरला पानाची गरज नसेल तर ते बाद करून बाजूला ठेवा. पुढच्या हातात घेतलंत तर सगळ्यांना आधीच दिसलेल्या पानावर पैजा लागतात.