वाटाण्याला रायझोबियम लावताय? आधी पाकीट वाचा

रायझोबियम म्हणजे कडधान्याच्या मुळावर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) झाडाला देणारा जिवाणू. तो पाकिटात मिळतो आणि पेरणीआधी बियाण्याला चोळतात. बी, खत, पाभर, माणसं यांचं मी सांगत बसत नाही, ते तुम्ही कराल. गेल्या जूनला मी पुरंदरच्या माळावर पहिल्यांदाच वाटाणा केला आणि एका पाकिटापायी फसलो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी पाकिटावरचं पिकाचं नाव वाचा. 'रायझोबियम' एवढं वाचून थांबू नका, त्याच्याखाली पीक लिहिलेलं असतं. दाजींनी सोयाबीन पेरलं, तीन पाकिटं उरली, मला दिली. फुकटचं म्हणून मीही लावून मोकळा झालो. पण सोयाबीनचा जिवाणू वाटाण्याच्या मुळावर गाठी करत नाही. वाटाणा आणि मसूर यांचा एक गट. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा, घेवड्याचा वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांना एकच चालतो. ज्या रानात वाटाणा नेहमी होतो तिथं मातीतच थोडेफार जिवाणू असतात, चूक झाकली जाते. माझं रान नवं, तिथं झाकायला काहीच नव्हतं. महिन्याने झाड उपटून बादलीत मुळं धुतली, तर नुसते पांढरे दोरे! शेजाऱ्याच्या वाफ्यातलं झाड उपटलं तर मुळावर मोहरीएवढ्या गाठी, नखाने फोडली की आत गुलाबी. माझी पानं पिवळी, त्याची गर्द हिरवी. शेवटी युरिया टाकावा लागला, म्हणजे जो खर्च वाचवायचा तोच केला.

तेव्हा दुकानात 'वाटाण्याचं द्या' असं म्हणा, हातात आल्यावर नाव वाचा आणि घरी येऊन पुन्हा वाचा. हसू नका. नावाच्या जोडीला मुदतही बघा, आत जीव आहे, तो मरतो. पाकीट गाडीच्या डिकीत किंवा बांधावर उन्हात ठेवायचं नाही.

प्रमाण: 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. द्रवरूप घेतलं असेल तर बाटलीवर असेल तेवढं. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळायचा आणि पूर्ण गार करायचा. कोमट नाही, गार. जिवाणू चिकटावा म्हणून गूळ, आणि गरम गुळात तोच शिजणार, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जिवाणू कालवलेलं हे पाणी बियाण्यावर बेताने घ्या, बी ओलसर झालं की थांबा. वाटाणा पाणी पिऊन फुगतो आणि साल सुटते. गोणपाटावर पसरून हलक्या हाताने चोळा. सोयाबीन असेल तर आणखी हलक्या हाताने, त्याचं साल फार नाजूक.

बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर स्वतःच्या हाताने मारलेत. विकतचं बी रंगीत असेल तर बुरशीनाशक आधीच लागलेलं आहे, पुन्हा लावू नका. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू रायझोबियमसोबत त्याच गुळात चालतात, प्रमाण तेच.

मग सावलीत सुकवा. सावलीत म्हणजे सावलीत, 'जरासं ऊन दाखवतो' हा शहाणपणा नको. रानात वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आहे का ते आधी बघा, मगच बी चोळायला घ्या, नाहीतर बी चोळून ठेवाल आणि पाऊस पेरू देणार नाही. त्याच दिवशी पेरून होईल एवढंच बी घ्या. पेरताना बी आणि रासायनिक खत एकत्र कालवायचं नाही. नत्राची सुरुवातीची थोडी मात्रा ठीक, पण पुढे युरियाचा मारा केलात तर झाडाला आयतं मिळतं, ते गाठी कशाला करेल?

पाणी साचू देऊ नका. महिनाभराने चार ठिकाणची झाडं खुरप्याने मातीसकट काढा, ओढू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ फोडून बघा. गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. तोडे संपले की वेल कापा, मुळं रानात राहू द्या.

उरलेलं पाकीट मेहुण्याला देऊ नका. दिलंत तर कोणत्या पिकाचं आहे ते सांगून द्या.