टिन व्हिसल मध्येच चोंदते तेव्हा

टिन व्हिसल, म्हणजे धातूची छोटी उभी शिट्टी-बासरी, पाच-दहा मिनिटं वाजवून झाली की वरचे सूर घोगरे होतात, मग नुसती फुसफुस. दोष बहुतेक वेळा थुंकीचा नसतो. तोंडातली उष्ण, दमट हवा शिट्टीच्या मुखाच्या गार, अरुंद फटीतून जाते, तिथे बाष्पाचं पाणी होतं आणि एखादा थेंबही हवेची वाट अडवतो. आपल्या आडव्या बासरीला हा ताप नाही. तिला अशी फटच नसते.

म्हणून आधी शिट्टी कोमट करा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये उघड्यावर वाजवणार असाल तर सोडून द्या. पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली जानेवारीची पहाट असेल किंवा एसी हॉल असेल, तर मुखाकडचा भाग दहा मिनिटं काखेत धरा. नळी गरम करून उपयोग नाही.

वाजवताना चोंदलीच, तर वरची चौकोनी खिडकी बोटाने अलगद झाका आणि एकदा जोरात फुंका. न झाकता फुंकलं तर अख्खा हॉल वळून बघेल. गत चालू असताना त्याहून सोपं म्हणजे श्वास शिट्टीतूनच झटकन आत ओढायचा. पाणी तोंडात येतं, कुणाला कळतही नाही.

खरा उपाय साबणाचा. अर्धी वाटी कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. ड्रॉपरने खिडकीतून सोडा, फटीतून बाहेर येऊ द्या, झटका आणि तसंच वाळू द्या. धुवायचं नाही! साबणाचा पातळ थर राहिला तरच पाणी थेंब न धरता पसरून वाहून जातं. पाणी पिण्याचं घ्या, बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो. क्लार्क कंपनीच्या मूळ शिट्टीसारखा मुखात लाकडी ठोकळा असेल तर मात्र हे करू नका. लाकूड फुगतं आणि फट आणखी अरुंद होते.

पुसायला टर्किश टॉवेल नको, गावात कितीही चांगला मिळत असला तरी. त्याचे तंतू सुटून धारेला, म्हणजे खिडकीच्या ज्या पातळ कडेवर हवा आपटून सूर निघतो तिला, चिकटतात. जुन्या धोतराचा तुकडा काडीला गुंडाळून नळीतून फिरवा. फटीसाठी प्लास्टिकच्या फाइल कव्हरची अरुंद पट्टी कापा. सेफ्टी पिन घालाल तर धारेवर ओरखडा पडेल, आणि तो कायमचा.

शेंगाचटणी-भाकरी खाऊन लगेच वाजवायला बसू नका, आधी खळखळून चूळ भरा. रात्रभर वाळलेली शिट्टी सकाळी पहिल्याच फुंकेला घोगरी निघाली, तर ओल नाही, कण अडकलाय किंवा धार बिघडलीय. उजेडाकडे धरून फटीतून आरपार बघा.