रॉम डाउनलोड केलाय? उघडायच्या आधी फाईलचं नाव वाचा

लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलेले आपण सगळे कधीतरी जुने गेम शोधायला बसतोच, पण समोर एकाच गेमच्या दहा रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या गेमची कॉपी असलेल्या फाईली, दिसल्या की नेमकी कुठली घ्यायची तेच कळत नाही. नावातल्या कंसांकडे बघा. गोल कंसात देश असतो, यू म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान, ई म्हणजे युरोप. चौकोनी कंसात उद्गारचिन्ह असेल तर कॉपी तपासलेली, चांगली. बी असेल तर खराब, गेम मध्येच अडकू शकतो. एच म्हणजे कुणीतरी बदल केलेला, टी म्हणजे चीट घातलेला.

आता खरी भीती, व्हायरसची. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स जेमतेम ४० केबीचा आहे, त्याच नावाची फाईल ५ एमबीची आली आणि शेवटी डॉट ईएक्सई, म्हणजे थेट चालणारा विंडोज प्रोग्राम, असेल तर तो गेम नाहीच, डबल क्लिक न करता सरळ डिलीट मारा. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, त्यामुळे डॉट एनईएस, म्हणजे गेमच्या फाईलचं शेपूट, दिसलं तरी पुढे डॉट ईएक्सई दडलेलं असू शकतं, म्हणून व्ह्यू मध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स आधी चालू करा. झिप असेल तर आत काय आहे ते बघून मगच काढा, आणि अँटीव्हायरस बंद करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

आणि हो, गेम कितीही जुना असला तरी कॉपीराईट सहसा संपलेला नसतो, त्यामुळे होमब्रू गेम, म्हणजे हौशी लोकांनी बनवून स्वतःच फुकट दिलेले, तेच मी आधी सुचवेन.