पोर्शची जुनी बॉक्सस्टर किंवा केमन घेताय? पिढी निवडताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे पाच गाड्या अशा आल्या, की मालक पैसे देऊन मोकळे झाले होते आणि मग 'दादा, जरा बघून घ्या' म्हणत आले. बघायचं असतं ते आधी. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझं गॅरेज आहे आणि एकोणीस वर्षं मी जर्मन गाड्यांचंच काम करतोय. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून बडोद्यातल्या तरुण मुलांना जुन्या स्पोर्ट्स कारची ओढ लागलेली मी बघतोय. मला त्याचा आनंदच आहे. पण चुका सगळ्यांच्या त्याच त्या, आणि महाग.

आधी पिढ्या समजून घ्या. ९८६ ही पहिली बॉक्सस्टर, १९९६ ते २००४. आपल्याकडे त्या फार थोड्या. मग ९८७, साधारण २००५ ते २०१२. छप्पर न उघडणारी केमन हिच्यापासून सुरू झाली. २०१२ ला ९८१ आली आणि २०१६ ला ७१८, जिच्यात सहाऐवजी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन बसलं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पाठ नसतं ते हे, की ९८७ च्या पोटात दोन वेगळ्या गाड्या आहेत. २००८ च्या अखेरीस कंपनीने ९८७ चं इंजिन मुळापासून बदललं. बाहेरून दिवे थोडे वेगळे, बाकी तीच गाडी वाटते. आत मात्र काहीही सारखं नाही. म्हणून कुणी मला 'दादा, ९८७ घेऊ का ९८१?' असं विचारलं, की मी उलट विचारतो, कुठलं इंजिन?

आरसीवरचं साल बघून पिढी ठरवणं

माझ्या मावसभावाचीच गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून टोचते. तो बडोद्यातच अकोट्याला राहतो, केमिकलचा धंदा आहे, शब्दाचा पक्का माणूस. त्याने दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरकडून राखाडी रंगाची केमन एस, म्हणजे मोठ्या ३.४ लिटर इंजिनाची, घेतली. मॅन्युअल गिअर, आरसीवर २००९, मीटरवर २४,००० किलोमीटर. डीलर म्हणाला, २००९ म्हणजे नवीन इंजिनवाली. भावाने फोटो बघितले, एक व्हिडिओ बघितला, रात्री साडेअकराला टोकन टाकलं आणि सकाळी मला फोन केला.

मी म्हटलं, "चॅसी नंबर वाच."

त्याने वाचला. सतरा अक्षरं असतात, त्यातलं दहावं मॉडेलचं साल सांगतं. ७ म्हणजे २००७, ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०. त्याच्या नंबरात दहावं अक्षर ८ होतं. गाडी २००८ ची, शोरूममध्ये काही महिने पडून राहिलेली आणि २००९ मध्ये पासिंग झालेली. म्हणजे जुनं इंजिन, आणि पैसे नव्याचे.

"टोकन परत मिळत नाही म्हणतोय रे दादा," तो म्हणाला. मी म्हटलं, सोडून दे ते टोकन. त्याने सोडलं नाही. पन्नास हजार वाचवायला तो पुढचे सगळे पैसे घालून बसला.

पंधरा दिवसांनी कॅरिअरने गाडी गोल्डन चोकडीला उतरवली. सेल्फ मारला तेव्हा इंजिन थंड होतं आणि मागून टक-टक-टक असा बारीक आवाज आला, शिवणयंत्राची सुई दूर कुठे चालावी तसा. गरम झाल्यावर तो जायला हवा होता. गेला नाही.

गॅरेजला आणून मी ऑइल फिल्टर काढला. माझी सवय आहे, फिल्टर टाकून द्यायचा नाही. पात्याने त्याचा कागद कापायचा, घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरायच्या आणि ऑइल निथळू द्यायचं. मग उन्हात धरून बघायचं. त्या कागदावर चंदेरी भुकटी चमकत होती, रांगोळीत अभ्रक मिसळावा तशी. चुंबक फिरवला. थोडी चिकटली, बरीचशी नाही. चिकटते ती लोखंडी, तिथे बेअरिंग किंवा चेनकडे संशय जातो. न चिकटणारी बहुतेक ॲल्युमिनियमची. प्लग काढून, पिस्टन खाली नेऊन एंडोस्कोप, म्हणजे नळीचा बारीक कॅमेरा, घातला. दोन सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे, वरपासून खालपर्यंत, नखाला लागतील असे.

इंजिन पूर्ण खोलावं लागलं. नवीन स्लीव्ह (सिलिंडरच्या आतलं नळीसारखं अस्तर), पिस्टन, बेअरिंग, सगळं बाहेरून मागवलं. सात महिने गाडी माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. त्या सात महिन्यांत मावशी दोनदा येऊन गेली, 'किती झाले रे?' विचारायला, आणि दोन्ही वेळा मी आकडा कमी करून सांगितला.

फक्त 'आयएमएस, आयएमएस' करत बसणं

भावाने डीलरला एकच तांत्रिक प्रश्न विचारला होता: आयएमएसचं काय? आज प्रत्येक नवशिक्या तेवढाच प्रश्न विचारतो. मला याची चीड येते, कारण एक शब्द शिकला की आपण गाडी तपासली असं लोकांना वाटायला लागतं.

आयएमएस म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्टकडे फिरकी नेणारा मधला शाफ्ट. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग असतं. आतलं ग्रीस धुऊन गेलं आणि बेअरिंग तुटलं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. ९८६ मध्ये आणि ९८७ च्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांत ही भीती खरी आहे. तिथे क्लच बदलताना ते बेअरिंगही बदलून घ्यावं, कारण गिअरबॉक्स तसाही उतरलेलाच असतो. २००६ च्या सुमारास कंपनीने मोठं बेअरिंग बसवलं. ते इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही, पण बिघडतंही फार कमी. २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही.

म्हणजे भावाच्या २००८ च्या गाडीत आयएमएसची काळजी जवळजवळ नव्हतीच. रोग दुसरा होता. या जुन्या इंजिनाच्या सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नसते, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिकॉनचा थर असतो. थंड इंजिन दामटलं, ऑइल वेळेवर बदललं नाही, छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या, की तो थर ओरबाडला जातो. ३.४ लिटरच्या मोठ्या इंजिनात हे जास्त दिसतं, २.७ मध्ये क्वचित. म्हणून माझं मत ऐका. जुन्या इंजिनाची ९८७ च घ्यायची असेल, तर 'एस'चा मोह सोडा आणि २.७ घ्या. २४०-२४५ अश्वशक्ती बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवेच्या ९३ किलोमीटरला भरपूर झाली.

आणि थोडं थांबता येत असेल तर २००९ मॉडेलपासूनची २.९ घ्या. बॉक्सस्टरमध्ये २५५ आणि केमनमध्ये २६५ अश्वशक्ती, इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारणारी साधी पद्धत, नवीन इंजिन, आणि स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक. ९८१ पासून ते इलेक्ट्रिक झालं. ९८१ ही उत्तम गाडी आहे, पण हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून पाद्रा रोडचा खडबडीतपणा जसा तळहाताला कळतो, तसा पुढच्या पिढीत कळत नाही. हे माझं वैयक्तिक प्रेम आहे, ते मी लपवत नाही.

कमी रनिंगला भुलणं

पंधरा वर्षांत २०,००० किलोमीटर. जाहिरातीत हे वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. उभी गाडी सडते. सील सुकतात, ब्रेक धरतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. चार महिने पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली तर इंजेक्टर आणि पंपाचं काम निघणारच. मी स्वतः ८०,००० चाललेली, दर वर्षी ऑइलचं बिल असलेली गाडी डोळे झाकून आधी बघायला जाईन.

त्यात रनिंग खरं असेलच असं नाही. स्कॅनर लावला की इंजिन किती तास चाललं ते दिसतं. मीटरच्या किलोमीटरना त्या तासांनी भागा. भावाच्या गाडीत १,६०० तास निघाले, म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटर. डीलर तर सांगत होता की मालक फक्त रविवारी हायवेवर काढायचे. हायवेवर १५ च्या वेगाने कोण जातं? त्याच स्कॅनरमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं याचीही नोंद असते. मॅन्युअल गाडीत ती बघितल्याशिवाय किमतीची बोलणी करू नका. पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की काय होतं ते तिथे लिहिलेलं असतं.

गरम केलेली गाडी बघणं

'सकाळी सातला येतो, गाडी चालू करू नका' असं मी आदल्या दिवशी सांगतो. गेल्या गेल्या पहिल्यांदा सायलेन्सरच्या नळीला हात लावतो. मागच्या वर्षी अलकापुरीत एका ठिकाणी नळी कोमट लागली. मी काही बोललो नाही. स्कूटर काढून सेवउसळ खायला गेलो, दुसरी दोन कामं उरकली आणि अकराला परत गेलो. थंड झालेल्या इंजिनने सेल्फ मारताच पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि तो मिनिटभर हटेना. ऑइल आणि हवा वेगळी करणारा सेपरेटर गेला होता. तो बदलता येतो, फार मोठं काम नाही. पण मालकाला ते माहीत होतं आणि त्याने लपवलं होतं, तेवढ्यावर आम्ही तो सौदा सोडला.

बाकीच्या चुका, पटापट

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, तो टायर दगड झालेला आहे.

बॉक्सस्टरचं छप्पर अर्धं उघडून दोन्ही कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं बघा. आपल्याकडे कडुनिंबाखाली गाडी लावायची पद्धत. पानं तिथे अडकतात आणि पाणी आत सीटखाली उतरतं. ९८६ मध्ये नेमकं सीटखालीच इमोबिलायझरचं युनिट आहे. ते भिजलं की गाडी किल्ली ओळखत नाही. तीच पानं पुढच्या बंपरच्या जाळीत साचून रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर कुजवतात. टॉर्च मारून आत बघायला मिनिटही लागत नाही.

२०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं ते बडोदेकरांना सांगायला नको. त्या पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठल्या गावाला गेल्या कोण जाणे, आणि दुसऱ्यांच्या गावच्या पुरातल्या आपल्याकडे आल्या नसतील असं समजू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गालिचा बदलतात, सीट बदलतात, पण बेल्टची शेवटची वीतभर पट्टी कुणी धूत नाही. तिथे मातीची रेघ असते.

कागद. १५ वर्षं झाली की पासिंगचं नूतनीकरण आणि फिटनेस लागतं. १ एप्रिल २०२२ पासून आयात केलेल्या मोटारीला त्याचे ४०,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या आयात मोटारीला ८०,०००. २००६ ची गाडी स्वस्तात मिळते म्हणून उड्या मारणाऱ्यांनी हा आकडा धरून चालावं. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांना तर हे आणखी लागू, तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या देशभर फिरतायत. परराज्यातली असेल तर एनओसी हातात पडल्याशिवाय आणि बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. बडोद्याच्या जीजे-०६ पासिंगसाठी इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तोही किमतीत धरा.

पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, छान आहे, पण उभ्या गाडीत गिअर बदलताना झटका लागला तर 'सॉफ्टवेअर अपडेट केलं की जातं' हे वाक्य ऐकून घेऊ नका.

माझा शेवटचा नियम साधा आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. लिफ्टवर एक तास. गाडी कुठल्याही गॅरेजला चालेल, त्यांच्या ओळखीच्याही, फक्त चाकं जमिनीवरून उचललेली हवीत आणि फिल्टर मी कापणार. नव्या फिल्टरचे आणि ऑइलचे पैसे मी देतो. भावाच्या गाडीनंतर तीन मालकांनी याला नकार दिला. तिन्ही वेळा मी किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा न घेता निघालो. चौथ्याने लगेच लिफ्ट मोकळी करून दिली. ती पांढरी २.९ आता भावाकडे आहे, आणि राखाडी केमन, इंजिनची सगळी बिलं फाइलला लावून, आम्ही विकायला काढली आहे.