ताडोबाच्या गाइडला आणि रिसॉर्टच्या माणसांना भेट द्यायची ती अशी

ताडोबाचं बुकिंग झालं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "गाइडला द्यायला काय नेऊ? चॉकलेटं चालतील ना?" नाही चालणार. गेली सोळा वर्षं मी दर वर्षी दोनतीनदा पुण्याहून लहान ग्रुप घेऊन ताडोबाच्या मोहर्ली नाहीतर कोलारा गेटला जाते. या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक सल्ले आफ्रिकेतल्या कॅम्पांसाठी लिहिलेले असतात. तिकडे बहुधा एकच गाइड आठवडाभर तुमच्याबरोबर असतो. आपल्याकडे गाइड गेटवर नंबरानं मिळतो. सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि तोच माणूस पुन्हा मिळेल याची खात्री नाही. तिकडचा सल्ला इथे आणला की गडबड होते, ती इथूनच.

आधी टिप, मग भेट

गाइडचं शुल्क ठरलेलं असतं, ते वेगळं. टिप तुमच्या मनाची. मी गाइडला आणि जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या, ड्रायव्हरला दर फेरीला सारखीच रक्कम देते, वाघ दिसो वा न दिसो. भेट आणली म्हणून टिप कमी करायची नाही. दोन्ही जमत नसेल तर नुसती टिप द्या. हेडटॉर्च देऊन किराणा भरता येत नाही. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं, बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात, काही फेऱ्या चालल्या तरी काम कमी असतं, तेव्हा उन्हाळ्यात गाठीला बांधलेले पैसेच घर चालवतात.

त्यांचा दिवस बघा, मग खरेदी करा

"तुम्हाला काय हवं?" असं विचारून काही कळत नाही. उत्तर एकच येतं, "काही नाही लागत जी मॅडम." त्यापेक्षा बघा. काय दोऱ्यानं बांधलंय, काय शिवलंय, काय उसनं आणलंय. एका गाइडच्या दुर्बिणीला पट्ट्याऐवजी नायलॉनची दोरी होती आणि त्या दोरीनं मानेवर लाल वळ उठला होता. त्याला नवी दुर्बीण नको होती, रुंद पट्टा हवा होता. मंगळवारी कोअर बंद असतं. त्या दिवशी गावात चहा प्यायला थांबलात तर चार फेऱ्यांत कळणार नाही एवढं एका तासात कळतं.

डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर थंडीचं काहीतरी न्या, पण कानटोपी नको. मी पहिली दोन वर्षं जाड लोकरीच्या कानटोप्या नेल्या. गाइड त्या घालायचे आणि गेटच्या आत शिरताच कानांच्या वर सरकवायचे. कारण साधं आहे. तो सगळी फेरी कानांनी काम करत असतो. चितळाचा कॉल म्हणजे धोक्याची हाक, वानराचं खाकरणं, लांबून आलेली सांबराची एकच हाक, हे त्याला तुमच्या आधी ऐकू यायला हवं. कान झाकले की त्याचं कामच बंद पडतं. म्हणून गळपट्टा द्या, ओढून नाकापर्यंत घेता येईल असा. हातमोजे द्यायचे तर बोटांची टोकं उघडी असलेले द्या, कारण दुर्बीण फिरवायची असते आणि वहीत नोंद करायची असते. रंग खाकी, मेंदी किंवा तपकिरी. लाल, पांढरं, चमकदार काही नको.

उन्हाळ्यात एक लिटरची, पाणी गार ठेवणारी स्टीलची बाटली. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची फेरी त्याच उन्हात सुरू होते. दुपट्टे नेऊ नका, विदर्भात प्रत्येकाकडे असतात.

बारा महिने उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे चार्जिंगची हेडटॉर्च. गाइड अंधारात घरून निघतो आणि पुष्कळदा अंधार पडल्यावर परततो. त्याच्या गावाच्या शिवारात वाघ-बिबट्याचा वावर असतो. मोबाइलचा उजेड दहा पावलांच्या पुढे पोचत नाही.

पावसाळ्यासाठी रेनकोट द्यायचा तर कमरेपर्यंतचा आणि पँट वेगळी असलेला. बरेच गाइड तेव्हा धानाच्या रोवणीला बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरतात. वाकून रोप लावताना घोळदार लांब रेनकोट चिखलात लोळतो आणि दोन दिवसांत खुंटीला लागतो.

ज्याला खरंच पक्ष्यांची आवड आहे त्याला मराठी नावं असलेलं सचित्र पक्षीपुस्तक द्या. नवरंग, स्वर्गीय नर्तक, मत्स्य घुबड ही नावं तो पर्यटकांना सांगू लागला की फेरीचा रंगच बदलतो.

दुर्बिणीबद्दल एकदाच सांगते. ८ × ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० किंवा १२ पटीची गळ्यात मारायला बघतो, पण हलत्या जिप्सीत जितकी पट जास्त तितकं चित्र थरथरतं. खिशात मावणारी १० × २५ पहाटेच्या उजेडात काळोखी दिसते. व्यासाला पटीनं भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच, २५ भागिले १० म्हणजे अडीच. डोळ्यात येणारा प्रकाशझोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. झूमवाली घेऊच नका. पाणी आत न जाणारी घ्या आणि बरोबर सिलिका जेलच्या पुड्या द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते.

काय नेऊ नये? वापरलेले कपडे नेऊ नका. वाघाचं चित्र असलेला टी-शर्ट नेऊ नका. आणि दारू तर मुळीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला होता. २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. त्यांच्या घरात आपण बाटली पाठवायची नाही. रस्त्यात जिप्सी थांबवून मुलांना गोळ्या वाटू नका, मुलं गाड्यांमागे धावायला लागतात. मुलांसाठी काही द्यायचं असेल तर गोष्टींची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींच्या हाती द्या.

कधी द्यायचं, इथेच माणसं चुकतात

वस्तू निवडणं सोपं आहे. ती केव्हा आणि कशी द्यायची, हे शिकायला मला एका माणसाचं मन दुखवावं लागलं.

साताठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल होता, मोहाचा सडा पडला होता. मी चांगली दुर्बीण घेऊन गेले होते आणि सकाळच्या फेरीला निघताना गेटवरच, सगळ्यांसमोर, ती तरुण गाइडच्या गळ्यात घातली. वाटलं, आजच वापरायला मिळेल. मुलगा एरवी शांत. आदल्या वर्षी याच मुलानं एका पाणवठ्यावर आम्हाला चाळीस मिनिटं गप्प बसवून अस्वल दाखवलं होतं. त्या दिवशी तो कुठेच टिकेना. पाणवठ्यावर पाच मिनिटं झाली की ड्रायव्हरला म्हणे, "चल भाऊ, चल." दुसऱ्या जिप्सीवाल्यानं लांब कुठेतरी वाघ असल्याचं सांगितलं, तशी गाडी वेगात सुटली. धुळीनं आमचे डोळे भरले. वाघ मिळाला नाही. परतताना वेगाबद्दल गाडी अडवली गेली आणि ड्रायव्हर, गाइड दोघांनाही दंड बसला.

संध्याकाळी तो रिसॉर्टच्या फाटकाशी उभा होता. दुर्बीण पिशवीत, पट्टा नीट गुंडाळलेला. म्हणाला, "वाघ नाही दाखवता आला जी मॅडम. हे ठेवा."

मी वाघाबद्दल एक शब्द काढला नव्हता. काढायची गरजच नव्हती. पाहुण्यानं एवढी मोठी वस्तू आधीच हातात ठेवली की तिची परतफेड त्याच्या डोक्यात सुरू होते, आणि जंगलात परतफेडीला एकच नाणं चालतं असं आम्ही पर्यटकांनीच त्यांना शिकवलंय. त्याची समजूत घालायला मला तासभर लागला. दुर्बीण त्यानं घेतली, पण ती घेताना त्याचा चेहरा कसा होता ते मी विसरलेले नाही. तो दंड मी भरला, आणि भरायलाच हवा होता.

म्हणून माझा नियम पक्का आहे. फेरीच्या आधी काहीही द्यायचं नाही, दाखवायचं नाही, सुचवायचंही नाही. "वाघ दाखव, खूश करून टाकतो" हे वाक्य तुमच्या ग्रुपमधला कुणी बोलला तर तिथल्या तिथे त्याला गप्प करा. या वाक्याच्या दडपणाखाली गाड्या वाघाच्या अंगावर जातात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि गाइड, चालकांवर निलंबनाची कारवाई झाली. पर्यटक सुट्टी संपवून घरी जातो. गाइडची रोजी बंद होते.

द्यायचं ते फेरी संपल्यावर, गेटच्या बाहेर, त्याची नोंद पुरी झाल्यावर, जरा बाजूला घेऊन. आणि देताना कारण सांगायचं, नेमकं. "तुम्ही मघाशी गाडी मागे घ्यायला लावलीत आणि गव्याला रस्ता ओलांडू दिलात, ते मला फार आवडलं." ज्या फेरीत वाघ दिसला नाही त्या फेरीच्या गाइडला मी मुद्दाम चांगली वस्तू देते.

नंबराच्या पद्धतीमुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सहा फेऱ्या असतील तर सहा गाइड धरून चाला आणि सहा सारख्या पिशव्या करा. गळपट्टा, टॉर्च, बाटली अशा, ज्यांना माप लागत नाही अशाच वस्तू. जॅकेट आणि बूट अंदाजानं घेऊ नका. ताडोबात बायका गाइड आहेत, आणि बाप्यांच्या मापाचं जॅकेट त्यांना गुडघ्यापर्यंत येतं. चकचकीत कागदात काही बांधू नका. तो कागद गेटवरच उडतो. सुती पिशवी पुरे.

महागाची वस्तू एकालाच द्यायची असेल तर ती वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या माणसाला, आणि त्याच्या घरी जाऊन. गेटवर वीस सहकाऱ्यांसमोर दिलीत तर उद्यापासून त्याला टोमणे खावे लागतात.

रिसॉर्टमध्ये

जेवण वाढणारा पोरगा आणि सामान उचलणारा माणूस सगळ्यांना दिसतो. पहाटे साडेतीनला चूल पेटवणारी, भांडी घासणारी, चादरी धुणारी, रात्रभर फाटकावर बसणारा, हे दिसत नाहीत. एका रिसॉर्टमध्ये मी निघताना सगळ्यांची म्हणून रक्कम काउंटरवर दिली होती. पुढच्या खेपेला भांडी घासणाऱ्या मावशींशी बोलता बोलता कळलं, त्यांच्यापर्यंत एक रुपया आला नव्हता. तेव्हापासून आदल्या रात्री मी आचाऱ्याकडून सगळ्यांची नावं लिहून घेते. व्यवस्थापकाला दिसत नाहीत ती माणसंही आचाऱ्याच्या यादीत असतात, कारण तो त्यांना जेवू घालतो. निघायच्या सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं जायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं.

वस्तूंमध्ये सोलापुरी चादरीला तोड नाही. माप लागत नाही, धुऊन टिकते, थंडीत उबेला होते. एकदा रात्रपाळीच्या काकांना दिली, तर त्यांनी ती तिथेच उलगडून काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "ही खरी आहे." म्हणून नकली घेऊ नका. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, लेबल बघून घ्या. साड्या नेऊ नका. प्रत्येकीची आवड वेगळी असते, आणि तुमच्या कपाटातली नको झालेली साडी बायका एका नजरेत ओळखतात.

फोटो

एवढं सगळं जमत नसेल तर हे एक करा. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे रोज जंगलात जाणाऱ्या गाइडकडे कामावर असतानाचा स्वतःचा फोटोच नसतो. तुमच्या हातात कॅमेरा आहे. वाघ झोपलेला असतो तेव्हा शंभर फोटो काढण्याऐवजी दुर्बीण लावून झाडीत बघणाऱ्या त्या माणसाचा एक काढा. त्याला विचारून काढा. वाघाचा फोटो छापून देऊ नका, वाघ तो रोज बघतो.

८ × १२ इंचाच्या दोन प्रती मॅट कागदावर छापा. एक त्याला, एक घरच्यांना. काचेची फ्रेम पोस्टात फुटते, म्हणून जाड पुठ्ठ्यात पाठवा. पत्ता निघण्यापूर्वी त्याच्याच हातानं लिहून घ्या. मोहर्ली भद्रावती तालुक्यात येतं आणि कोलारा चिमूर तालुक्यात, तालुका चुकला की पाकीट फिरत राहतं. आणि जूनच्या मध्यापर्यंत पाठवा. गेटच्या पत्त्यावर पाठवत असाल तर जुलैत ते घ्यायला तो तिथे नसतो, रोवणीला गेलेला असतो.