जयगावला गलाईसाठी येणाऱ्या पोरांसाठी

विट्याकडून, आटपाडीकडून दरवर्षी दोन-चार पोरं इकडं, बंगालात भूतानच्या सीमेवरच्या जयगावला, गलाईला म्हणजे सोनं गाळायच्या धंद्याला येतात आणि तेच ते प्रश्न फोनवर विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

रेल्वेचं स्टेशन जयगावला नाही. न्यू जलपाईगुडीला उतरायचं, तिथून डुआर्सची, म्हणजे भूतानच्या पायथ्याच्या चहामळ्यांच्या पट्ट्यातून जाणारी, गाडी पकडून हासीमारा. पुढं अठराएक किलोमीटर रस्ता. रात्री पोचत असाल तर स्टेशनवरच थांबा. इथं हत्ती रस्ता ओलांडतात, आणि त्यांना हॉर्न आवडत नाही.

गावाहून मतदार ओळखपत्र आणा. हे विसरूच नका. भूतानच्या गेटवर आधार चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड लागतं. पलीकडचं फुंतशोलिंग एका भिंतीएवढं लांब, पण तिथं घड्याळ अर्धा तास पुढं. गिऱ्हाईक "दहाला येतो" म्हणालं की कुठले दहा ते विचारून घ्या. मी पहिल्या महिन्यात भट्टी पेटवायच्या आधीच दोघांना परत पाठवलंय. पुढं पारो-थिंपूला मुक्कामाला जायचं तर परवाना काढावा लागतो आणि रात्रीला माणशी 1200 रुपये भरावे लागतात. सोनं गाळून सुटलेले पैसे तिकडं घालवू नका.

बाजारात मारवाडी, बिहारी, बंगाली, नेपाळी, चहाच्या मळ्यातले आदिवासी, भूतानी, सगळे. हिंदीवर भागतं, पण नेपाळी शिका. पाट्या देवनागरीत असतात, त्यामुळं पहिल्या दिवसापासून वाचता येतात, आणि भूतानी गिऱ्हाइकांतल्या बऱ्याच जणांनाही नेपाळी कळते. थोरल्याला 'दाजु', बाईला 'दिदी'. फक्त 'नानी' म्हणजे इथं लहान लेकरू. एका आजीबाईला मी आदरानं नानी म्हटलं, ती अजून हसते.

ज्वारी मिळत नाही, पीठ येताना आणा. तिखटाची मात्र चिंता नको. भूतानी लोक मिरचीची भाजीच करतात, चीज घालून.

आता धंद्याचं. टंच काढायला (सोनं किती शुद्ध ते तपासायला), गाळायला आलेला माल कुणाचा, कुठला, हे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, टाकायचा नाही. मी नवा असताना एक ओळखीचा झालेला माणूस दोन बांगड्या घेऊन आला. चिठ्ठी मागायला लाज वाटली. गाळून लगड दिली, चौथ्या दिवशी पोलीस दुकानात. चोरीचा माल होता. तेवढं सोनं मला पदरचं भरावं लागलं आणि वर्षभराची कमाई गेली. सीमेवर तर दुप्पट सांभाळा. पलीकडून आलेलं सोनं कागदाशिवाय हातात घेऊ नका, आणि कुणी "एवढी पुडी सिलिगुडीला पोचव" म्हणालं तर तो सख्खा मामा असला तरी नाही म्हणा.

हातात चार-सहा महिन्यांचा खर्च राखून ठेवा. मार्च 2020 मध्ये गेट बंद झालं ते 23 सप्टेंबर 2022 ला उघडलं. अडीच वर्षं! हा बाजार भूतानच्या गिऱ्हाइकावर चालतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. बरीच दुकानं उठली. मीही भट्टी बंद करून गावी डाळिंबाच्या बागेत राबलो.

राहता राहिल्या भूतानी नोटा. आपल्या रुपयाला त्यांचा एक नुल्ट्रम, दर तोच, आणि जयगावात चहावाल्यापासून सगळे घेतात. मोठ्या व्यवहारात मात्र आपलेच रुपये मागा, कारण आपल्या बँकेत ती नोट भरता येत नाही. जत्रेला गावी निघताना सगळ्या इथंच मोडून टाका. एकदा विट्याच्या स्टँडवर मी घाईत शंभराची दिली. दुकानदारानं उजेडात धरली, उलटी केली आणि विचारलं, "ह्यो राजा कुठला म्हणायचा?"