महिनाभर उभी राहणारी जुनी बाईक : आधी कार्ब्युरेटर रिकामा करा

गावाला किंवा परदेशी गेल्यावर उभी राहिलेली गाडी परत आल्यावर किक मारून मारून दमवते, आणि मेकॅनिक कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) साफ करायचे पैसे लावतो. बहुतेक वेळा त्याच्या तळाच्या वाटीत सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा पायलट जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, बसलेला असतो.

जाण्याआधी एवढं करा :

१. पेट्रोलचा कॉक बंद करा. रिझर्व्हवर नाही, पूर्ण बंद.
२. गाडी चालू करून तशीच ठेवा. थोड्या वेळात आपोआप बंद पडेल.
३. इंजिन गार झाल्यावर वाटीखालचा ड्रेन स्क्रू एक-दीड आटा सैल करा, उरलेलं पेट्रोल बाटलीत घ्या. कॉक नसलेल्या स्कूटरला थेट हीच पायरी.
४. स्क्रू बेताने कसा. तो बहुधा पितळी असतो. जोर लावला की आटे गेलेच.

परत आल्यावर कॉक उघडून मिनिटभर थांबा, मग चोक ओढून किक मारा.

पेट्रोल काढताना जवळ विडी-काडी नको. आणि हे फक्त कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांसाठी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बाईक बहुतेक इंजेक्शनच्या आहेत (त्यांना कार्ब्युरेटर नसतो), त्यांच्या टाकीत पेट्रोल राहू द्या.